वाचकांचे प्रश्न : ‘खून करू नको’ सांगणारा देव स्वतः का मारतो?

गेल्या अंकात आम्ही बायबलमधल्या मोशेला मिळालेल्या दहा आज्ञांची ओळख करून दिली होती. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रं एकाच आज्ञेबद्दल आहेत, म्हणून या वेळचं सदर तिलाच दिलं आहे. पत्रं लांब होती, ती थोडक्यात देत आहोत.

प्रश्न : शेजारच्या कतोलिक कुटुंबाकडून मराठी बायबल आणून वाचायला घेतलं. त्यातल्या निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात देव म्हणतो, ‘खून करू नको’. पण बाराव्या अध्यायात त्यानेच एका रात्रीत मिसरातली (इजिप्तमधली) सगळी पहिली मुलं मारलेली आहेत, आणि बत्तिसाव्या अध्यायात तीन हजार माणसं तलवारीखाली जातात. नियम दुसऱ्यांना आणि स्वतःला मोकळीक, हा कसला न्याय? — एक वाचक, मडगाव

उत्तर : आधी मूळ शब्द पाहू, कारण अर्धा घोळ तिथे आहे. आज्ञेत हिब्रू ‘रात्साख’ हे क्रियापद आहे. हिब्रूत मारण्यासाठी ‘हाराग’, ‘हेमीत’ असे आणखी शब्द आहेत, आणि लढाईतल्या किंवा देवाच्या हातून झालेल्या मृत्यूसाठी तेच येतात. ‘रात्साख’चा कर्ता देव कधीच नसतो. म्हणून मराठी बायबलने ‘ठार मारू नको’ असं न म्हणता ‘खून करू नको’ म्हटलं, ते बरंच जवळ जातं.

मात्र ‘रात्साख म्हणजे फक्त खून’ एवढं सांगून सुटका करून घेणारे लोक गणना या पुस्तकाचा पस्तिसावा अध्याय वाचत नाहीत. तिथे चुकून माणूस मेला तरी मारणाऱ्याला तोच शब्द लावलेला आहे. त्याच अध्यायाच्या तिसाव्या वचनात साक्षीदारांच्या पुराव्यावरून खुन्याला मृत्युदंड देण्यासाठीही तोच शब्द येतो. तेव्हा शब्दकोशाने सगळा प्रश्न सुटत नाही. एवढंच निश्चित होतं की ही आज्ञा माणसाच्या हाताला आवर घालण्यासाठी आहे.

आवर का, याचं कारण उत्पत्ती या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात, सहाव्या वचनात आहे : माणूस देवाच्या प्रतिमेचा आहे, म्हणून त्याचं रक्त सांडायचं नाही. जीव देणारा दुसराच आहे. आपल्याकडे कोमुनिदादीचं (गावाच्या सामाईक मालकीचं) शेत कसणारा माणूस ते विकायला काढू शकत नाही. तो राबतो, पीक घेतो, पण जमीन त्याची नव्हे. बायबलमध्ये आयुष्याचं तसंच आहे, दुसऱ्याच्याही आणि स्वतःच्याही. अनुवाद या पुस्तकाच्या बत्तिसाव्या अध्यायात देव म्हणतो की मारणारा मीच आणि जिवंत करणाराही मीच. या चौकटीत देवाने जीव परत घेणं आणि माणसाने तो हिसकावणं ही एकाच जातीची कृत्यं नाहीत. तर्कापुरता विरोध इथे मिटतो.

पण हे उत्तर इथेच थांबवलं तर ते अपुरं राहतं, आणि बायबललाही ते पुरत नाही. मालकी म्हणजे मनमानी नव्हे, हे देवाला तोंडावर विचारणारा माणूस उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायातच उभा आहे. सदोम नगराचा नाश होणार कळल्यावर अब्राहाम विचारतो, सगळ्या पृथ्वीचा न्यायाधीश न्याय करणार नाही का? मग पन्नास नीतिमान सापडले तर, पंचेचाळीस, चाळीस, तीस, वीस, दहा, असा तो आकडा खाली आणत जातो, आणि देव दर वेळी मान्य करतो. म्हणजे ‘त्याचा अधिकार आहे, गप्प बसा’ ही भूमिका ग्रंथाची नाही. तुमचा प्रश्न अब्राहामाच्या बाजूचा आहे, तो विचारताना संकोच करू नका.

तुम्ही काढलेल्या दोन प्रसंगांत मोठा फरक आहे. मिसरातल्या रात्री मारणारा देव आहे. बत्तिसाव्या अध्यायातल्या प्रसंगात, म्हणजे लोकांनी सोन्याचं वासरू करून पुजलं तेव्हा, मारणारी माणसं आहेत, लेवी वंशातली, आणि ‘परमेश्वर असं म्हणतो’ हे वाक्य मोशेच्या तोंडी येतं. देवाने तशी आज्ञा दिल्याचं त्याआधीच्या कथनात कुठेही नाही; उलट चौदाव्या वचनात देवाने अरिष्ट आणण्याचा विचार सोडलेला आहे. हा बारकावा पुढच्या एका उत्तरात कामाला येईल.

प्रश्न : आमच्या वाड्यावरचे ख्रिस्ती लोक हिला पाचवी आज्ञा म्हणतात. पुण्याहून आलेल्या एका पुस्तिकेत सहावी लिहिलंय. चूक कुणाची? — एक वाचक, फोंडा

उत्तर : कुणाचीच नाही. मूळ मजकुरात आकडे घातलेले नाहीत. कतोलिक आणि लुथरन परंपरा ‘दुसरा देव नको’ आणि ‘मूर्ती नको’ या दोन्ही मिळून पहिली आज्ञा मानतात आणि शेवटी लोभाच्या दोन आज्ञा करून दहाचा हिशोब जुळवतात. यहुदी, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रोटेस्टंट गणनेत ती सहावी येते. गोव्यात कोंकणीतून ‘धा उपदेस’ शिकवले जातात ते कतोलिक क्रमाने, म्हणून पाचवी. लिहिताना आकडा टाळून निर्गम २०:१३ असं लिहिलं की वाद उरत नाही.

प्रश्न : खून करून एखादा इगर्जेत (चर्चमध्ये) गेला, पाद्रीकडे कुमसार (पापाची कबुली) केला, की देव त्याला भोगसतो (क्षमा करतो) म्हणे. मग मेलेल्या माणसाच्या घरच्यांनी काय करायचं? एवढी स्वस्त क्षमा असेल तर ‘खून करू नको’ला अर्थ काय राहिला? — एक वाचक, साखळी

उत्तर : कुमसाराबद्दल बाहेरून जेवढं दिसतं त्यापेक्षा त्यात अधिक अटी आहेत. कतोलिक शिकवणीप्रमाणे पापी माणसाकडून तीन गोष्टी लागतात : मनापासूनचा पश्चात्ताप, तोंडाने कबुली, आणि प्राचीत, म्हणजे प्रायश्चित्त. यातला पश्चात्ताप खरा नसेल, पुन्हा तेच करण्याचा इरादा असेल, तर पाद्रीने उच्चारलेल्या क्षमेच्या शब्दांनी काहीही घडत नाही. पाद्रीला तसं स्पष्ट दिसलं तर तो ते शब्द उच्चारण्याचं नाकारू शकतो. कबुलीत ऐकलेलं मात्र तो पोलिसांना, न्यायालयाला, कुणालाही सांगू शकत नाही. जाणूनबुजून सांगितलं तर तो आपोआप चर्चमधून बहिष्कृत ठरतो. कायद्याला शरण जा असा आग्रह तो धरू शकतो, आणि तिथे त्याची मर्यादा येते.

आता मुख्य मुद्दा. चर्चच्या अधिकृत शिकवणीच्या ग्रंथात (कॅटेकिझममध्ये) १४५९ व्या परिच्छेदात स्पष्ट म्हटलंय की क्षमेने पाप जातं, पण पापाने केलेली मोडतोड भरून निघत नाही. चोरलेलं परत करायला हवं, ज्याची बदनामी केली त्याचं नाव सुधारायला हवं, इजेची भरपाई द्यायला हवी. हे काम क्षमेनंतरही शिल्लक राहतं. जुन्या करारात तर याचे आकडेच आहेत. गणनेच्या पाचव्या अध्यायात मूळ रकमेवर पाचवा हिस्सा जास्त घालून परत करायला सांगितलंय. चोरलेला बैल कापला किंवा विकला तर एकाला पाच, मेंढराला चार, असं निर्गमाचा बाविसावा अध्याय सांगतो. लूकच्या सुवार्तेतला जकातदार जक्कय येशूसमोर चौपट परत करण्याचं वचन देतो ते याच हिशोबाने.

खुनाला मात्र असा भाव लावलेला नाही. गणना ३५:३१ मध्ये खुन्याच्या जिवाबद्दल खंडणी घेण्याची बंदी आहे. आजूबाजूच्या देशांतल्या कायद्यांत श्रीमंताला पैसे भरून सुटण्याची सोय असायची, तिथे इस्राएलाने हे दार बंद केलं. जीव पैशात मोजायचा नाही, हे त्यामागचं कारण.

यहुदी परंपरेतला नियम तर तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर आहे. मिश्ना हा त्यांचा जुना नियमसंग्रह. त्यातल्या योमा या प्रकरणात म्हटलंय की माणूस आणि देव यांच्यातली पापं प्रायश्चित्ताच्या दिवशी फिटतात. माणूस आणि माणूस यांच्यातली पापं, ज्याचा अपराध केला त्याची समजूत घातल्याशिवाय फिटत नाहीत. मग खून झालेल्याची समजूत कोण घालणार? तो तर उरलाच नाही. म्हणून यहुदी विचारात खून हे सगळ्यांत अवघड पाप ठरतं, आणि मेलेल्याच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार दुसऱ्या कुणाला नाही असं त्यांचे अनेक विचारवंत ठामपणे म्हणतात. आम्हाला हे म्हणणं पटतं. घरच्या लोकांनी क्षमा करायची तर ती त्यांच्या स्वतःच्या दुःखापुरती, आणि तीही कुणी त्यांच्या गळ्यात घालायची नाही. एखाद्या विधवेला दिवसकार्यही उरकलेलं नसताना ‘आता माफ करून टाक’ सांगायला जाणारी धर्मशील माणसं मोठी इजा करतात.

दावीद राजाची गोष्ट या जागी वाचावी, शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचे अकरा आणि बारा हे अध्याय. त्याने उरीया या आपल्या सैनिकाला लढाईच्या तोंडी उभं करवून मारवलं आणि त्याची बायको घेतली. नाथान संदेष्ट्याने पकडल्यावर दावीद कबूल करतो, आणि लगेच उत्तर मिळतं : देवाने तुझं पाप दूर केलं, तू मरणार नाहीस. पण त्याच दमात पुढचंही सांगितलं जातं : तुझ्या घरातून तलवार हटणार नाही, आणि जन्मलेला मुलगा मरेल. क्षमा आणि शिक्षा तिथे शेजारी शेजारी उभ्या आहेत. क्षमेने तुटलेलं नातं जोडलं, शिक्षेने कृत्याचं वजन दाखवलं. मुलाच्या मृत्यूचं समाधानकारक स्पष्टीकरण मात्र आम्हाला कुठल्याही भाष्यात मिळालेलं नाही. मुलांनी बापांच्या पापाखातर मरू नये असं अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायातच लिहिलंय, आणि यहेज्केलाचा अठरावा अध्याय तर पूर्ण याच विषयावर आहे. हा ताण ग्रंथाच्या आतलाच आहे. तो दिसू द्यावा.

प्रश्न : रस्त्यावर गाडीखाली माणूस सापडून मेला, तर ती पण आज्ञेची मोडणी का? — एक वाचक, डिचोली

उत्तर : हेतू नसेल तर खून नाही, पण काहीच झालं नाही असंही नाही. अनुवादाच्या एकोणिसाव्या अध्यायात उदाहरण दिलंय : दोघे रानात लाकडं तोडत असता कुऱ्हाडीचं पातं दांड्यातून निसटून दुसऱ्याला लागलं आणि तो मेला. अशा माणसासाठी सहा आश्रयनगरं होती, यार्देन नदीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन : केदेश, शखेम, हेब्रोन, आणि पलीकडे बेसेर, रामोथ, गोलान. तिथे पळून जायचं, मंडळीपुढे चौकशी व्हायची. हत्यार कोणतं होतं, आधीचं वैर होतं का, दबा धरला होता का, हे पाहायचं. एकट्या साक्षीदारावर मृत्युदंड नाही. निर्दोष हेतू सिद्ध झाला तरी त्याने महायाजक मरेपर्यंत त्याच नगरात राहायचं. हद्द ओलांडली आणि मृताच्या नातेवाइकाने गाठलं तर संरक्षण संपलं. खंडणी भरून लवकर घरी जाता येत नसे.

आपल्या भारतीय न्याय संहितेतही खून, सदोष मनुष्यवध आणि निष्काळजीपणाने घडलेला मृत्यू यांची कलमं वेगळी आहेत : १०३, १०५, १०६. ब्रेक निकामी आहे हे ठाऊक असून कुणी गाडी रस्त्यावर काढली तर तो कुऱ्हाडवाल्याच्या रांगेत बसत नाही. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाचा दृष्टांत आहे. बैल मारका आहे असं मालकाला आधी बजावलेलं असेल आणि तरीही त्याने तो मोकळा सोडला असेल, तर माणूस मेल्यावर मालकही दोषी.

प्रश्न : आमच्या शास्त्रात कर्माचं फळ आपोआप मिळतं, देवाला कुणाला मारावं लागत नाही. ख्रिस्ती देवालाच रागावून शिक्षा का करावी लागते? — एक वाचक, पेडणे

उत्तर : ‘आपोआप’ हा शब्द जरा सांभाळून वापरायला हवा. देव विषमता करतो आणि निर्दय आहे, हा आक्षेप ब्रह्मसूत्रकारांपुढेही होता. दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात त्याचं उत्तर आहे : ‘वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्’, देव जिवांच्या कर्माच्या अपेक्षेने वागतो म्हणून दोष त्याचा नाही. शंकराचार्य पावसाचा दृष्टांत देतात. पाऊस सगळ्यांवर सारखा पडतो, भात आणि जव वेगळे उगवतात ते आपापल्या बीजाने. म्हणजे फळ देणारा इथेही ईश्वर आहे.

फरक दुसरीकडे आहे. बायबलमध्ये शिक्षा ही घोषणा असते, आणि घोषणा मागे घेता येते. योना हा संदेष्टा निनवे नगरात ओरडतो की चाळीस दिवसांत नगर उलथून पडेल. लोक सुधारतात, नगर पडत नाही, आणि योना त्यावर रुसून बसतो. केलेलं कर्म मात्र भोगाने किंवा प्रायश्चित्ताने संपवावं लागतं, नाहीतर ज्ञानाने किंवा भक्तीने.

गोव्यात हा घोटाळा होण्याला भाषेचंही कारण आहे. राशोलला १६१६ साली छापलेल्या मराठी ख्रिस्तपुराणात फादर थॉमस स्टीफन्स यांनी स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटलं. पातक, प्रायश्चित्त हे आपले शब्द तिकडच्या कल्पनांना चिकटले ते तेव्हापासून. शब्द एक आणि हिशोब दोन, हे लक्षात ठेवून वाचलं की बरेच गैरसमज टळतात.

प्रश्न : कनान देशातल्या नगरांत बायका-मुलांसकट सगळ्यांना मारा, असं देव सांगतो. हे वाचून पुढे वाचवेना. आणि देवाच्या नावाने मारणारे आपल्याही मातीत होऊन गेले. — एक वाचक, केपें

उत्तर : तुम्ही थांबलात ते योग्य ठिकाणी. अनुवाद २०:१६-१७ मधली ती आज्ञा ‘हेरेम’, म्हणजे देवाला वाहून समूळ नाश करणं, म्हणून ओळखली जाते. त्यावर चार प्रकारची उत्तरं दिली जातात.

पहिलं, तो त्या लोकांच्या दुष्टपणाबद्दलचा एकदाच झालेला निवाडा होता. अर्भकांच्या बाबतीत हे टिकत नाही. दुसरं, तो प्राचीन युद्धवर्णनाचा अतिशयोक्तीचा थाट आहे. याला बळकट पुरावा आहे. इसवी सनापूर्वी सुमारे १२०८ चा मिसरचा मेर्नेप्ताहचा शिलालेख ‘इस्राएलाचं बीज उरलं नाही’ असं सांगतो, आणि इसवी सनापूर्वी नवव्या शतकातल्या मवाब देशाच्या मेशा राजाचा शिलालेख इस्राएल कायमचा नष्ट झाला म्हणतो, तोही हेरेमचाच शब्द वापरून. इस्राएल दोन्हींनंतर होताच. यहोशवा या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात ‘कुणीही उरला नाही’, तर शास्ते या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात तेच लोक तिथे नांदताना दिसतात. तिसरं, तिसऱ्या शतकातल्या ओरिगेन या ख्रिस्ती धर्मपंडिताचं : ती नगरं म्हणजे आपल्या मनातले विकार. वाचायला सोपं, पण मजकुरावर मात करणारं. चौथं, देवाबद्दलची समज त्या लोकांत हळूहळू वाढत गेली आणि ग्रंथात सगळ्या पायऱ्या जपल्या गेल्या. २०१० सालच्या आपल्या पत्रात पोप सोळावे बेनेडिक्ट या ‘अंधाऱ्या’ उताऱ्यांबद्दल साधारण याच दिशेने बोलतात.

आम्ही दुसरं आणि चौथं एकत्र धरतो. तरीही आज्ञा मजकुरात राहतेच, हे मान्य करून.

तुमच्या पत्राचा दुसरा भाग आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. गोव्याच्या साष्टी भागातली देवळं पाडली गेल्यानंतर जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीत रुदोल्फ आक्वाविवांसह पाच जेझुइट (एका कतोलिक धर्मसंघाचे सदस्य) आणि त्यांच्याबरोबरचे लोक मारले गेले. पुढे गावच्या प्रमुखांना बोलणी करायला म्हणून असोळणेच्या किल्ल्यात बोलावून पोर्तुगीजांनी ठार केलं. आपल्याच दारी बोलावलेल्या माणसाला मारणं हे ‘रात्साख’च्या कुठल्याही व्याख्येत बसतं, दबा धरणं ही तर गणनेच्या पस्तिसाव्या अध्यायातली खुनाची खूण आहे. सोन्याच्या वासराचा प्रसंग इथे आठवावा. ‘परमेश्वर असं म्हणतो’ असं माणूस म्हणाला, की तपासणी सुरू व्हायला हवी. सूड माझा आहे, असं देव म्हणतो आणि येशूचा प्रेषित पौल रोमकरांस पत्रात तेच उद्धृत करतो, त्याचा अर्थ तो तुमच्या हातात दिलेला नाही.

मृत्युदंडाबद्दलही चर्चची भूमिका याच वाटेने सरकली. ऑगस्ट २०१८ मध्ये कॅटेकिझमचा २२६७ वा परिच्छेद बदलून मृत्युदंड अस्वीकार्य ठरवला गेला. यहुदी पंडित त्याआधी कितीतरी शतकं तिथे पोचले होते : सात वर्षांत एकाला मृत्युदंड देणारं न्यायालय घातकी, असं मिश्ना म्हणते. एक गुरू म्हणतो, सत्तर वर्षांत एक दिला तरी. तारफोन आणि अकिवा हे गुरू म्हणतात, आम्ही असतो तर कधीच कुणी मारला गेला नसता. आणि लगेच शिमोन बेन गमलिएलचा आक्षेप नोंदलेला आहे, की अशाने खुनी वाढले असते.

प्रश्न : वाचनालयात पंधरा जणांचा गट आहे, हिंदू-ख्रिस्ती मिसळ. हा विषय भांडण न होता कसा घ्यावा? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : चार बैठका, प्रत्येकी दीड तास. पहिलीत उत्पत्ती ४ आणि ९. काइनाने भावाला मारलं, पण देवाने त्याच्यावर खूण करून त्याला सूडापासून वाचवलं. पहिला खुनी मारला गेला नाही, हे अनेकांना ठाऊक नसतं, आणि चर्चेचा सूर तिथे बदलतो. दुसरीत निर्गम २० ते ३४, त्यातही ३४:६-७, जिथे ‘अन्यायाची क्षमा करणारा’ आणि ‘दोषीला न सोडणारा’ हे दोन्ही एकाच श्वासात येतं. तिसरीत गणना ३५ आणि दावीद. चौथीत मत्तय १८ आणि योना.

मत्तयातल्या दृष्टांताचा हिशोब फळ्यावर मांडाच. राजाने माफ केलेलं कर्ज दहा हजार तालंत. एक तालंत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. त्याच चाकराने सोबत्याला शंभर दिनारांसाठी गळा धरून तुरुंगात टाकलं, आणि राजाने दिलेली माफी मागे घेतली. क्षमा आणि शिक्षा यांचा संबंध यापेक्षा नेमका कुठे मांडलेला आम्हाला माहीत नाही.

गट बिघडतो तो दोन कारणांनी. कुणीतरी एकच वचन सुटं काढून वाचतो. त्यावर उपाय म्हणजे पूर्ण अध्याय मोठ्याने वाचल्याशिवाय बोलायचं नाही. दुसरं, ‘तुमचा देव’ आणि ‘आमचा देव’ अशी सर्वनामं सुरू होतात. तेव्हा पुस्तकाचं नाव आणि वचनाचा आकडा घेऊन बोलायला लावा. कनानचे उतारे पहिल्या बैठकीत काढू नका. गटात अलीकडे कुणाचं माणूस दगावलं असेल, तर दावीदाच्या मुलाचा भाग वाचण्याआधी त्यांना एकटं गाठून विचारा. आणि योनासाठी शेवटची वीस मिनिटं मोकळी ठेवा, कारण ते पुस्तक देवाच्या प्रश्नावर संपतं. एक लाख वीस हजारांहून अधिक माणसं आणि पुष्कळ गुरंढोरं असलेल्या नगराची मला कीव येऊ नये का, असं तो विचारतो. योनाचं उत्तर पुस्तकात दिलेलं नाही, ते गटाला द्यावं लागतं.